पाच वर्षांचं मूल आणि सात समुद्र : कॅरी कुटुंबाची कलकत्त्याची बदली



आजचा विषय प्रेक्षकांच्या पत्रांतून आला आहे. बऱ्याच तरुण जोडप्यांनी साधारण एकच प्रश्न विचारलाय. कुणाला वैद्यकीय सेवेसाठी आफ्रिकेत जायचंय, कुणाला एखाद्या सेवाभावी संस्थेच्या शाळेत शिकवायला, कुणाला आपापल्या धर्मसंस्थेच्या कामासाठी. मन तयार आहे, पण घरात दोन-तीन वर्षांचं मूल आहे. न्यावं का? नेलं तर काय बघावं?

मी लष्करात तीस वर्षांहून जास्त काढली. बायको-मुलांसह बदल्या केल्या आणि त्यांना मागे ठेवूनही केल्या. पण माझे अनुभव सांगत बसण्यापेक्षा मी तुम्हाला एका कुटुंबाची गोष्ट सांगणार आहे. ती घडली मी राहतो त्या कोलकात्यात, आणि आपल्या मराठी भाषेशी तिचा थेट संबंध आहे. गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वीची असली तरी तिच्यातले प्रश्न आजचेच आहेत.

विल्यम कॅरी हे नाव मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक असतं. १८०५ साली मराठी भाषेचं छापील व्याकरण त्यांनी तयार केलं आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश. व्याकरणात मराठी शब्द देवनागरीत छापले, कारण मोडीचे खिळे तेव्हा तयार नव्हते. कोशात मात्र मोडी आली. हे काम पुण्या-मुंबईत झालं नाही. ते इथे, कलकत्त्यात आणि पलीकडच्या श्रीरामपुरात झालं. त्यांच्या हाताशी पंडित वैजनाथ होते. व्याकरण, कोश, बायबलची भाषांतरं, छापखाना, कॉलेज ही कॅरींची जमेची बाजू पुस्तकांत वाचायला मिळते. मी आज खर्चाची बाजू सांगणार आहे. हा माणूस इथे एकटा आला नव्हता. बायको, मेहुणी आणि चार मुलगे घेऊन आला होता, आणि चौथा मुलगा अजून अंगावर पिणारा होता.

निर्णय कुणाचा?

कॅरींचा जन्म १७६१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशरचा. धंदा चांभाराचा. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकलेला हा माणूस. १७८१ मध्ये डोरोथी प्लॅकेट यांच्याशी लग्न झालं. डोरोथीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी सहीच्या जागी फुली मारली आहे. दोन मुली झाल्या आणि दोन्ही लहानपणीच गेल्या. म्हणजे भारताचं नाव निघण्याआधीच या बाईने दोन लेकरं गमावली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१७९२ च्या ऑक्टोबरात केटरिंग गावी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. जॉन थॉमस नावाचे एक डॉक्टर बंगालमध्ये राहून आले होते. त्यांच्याबरोबर कुणी जायचं यावर कॅरींनी स्वतःचं नाव दिलं. डोरोथीबाईंनी नकार दिला. त्या तेव्हा पुन्हा गरोदर होत्या. तेव्हा ठरलं की कॅरींनी आठ वर्षांच्या आतल्या थोरल्या फेलिक्सला घेऊन पुढे जायचं, आणि बाकीच्यांनी मागे राहायचं.

लष्करी भाषेत सांगायचं तर हा त्यातल्या त्यात शहाणा बेत होता. आधी एकाने जायचं, जागा बघायची, दाणापाणी बघायचं, मग कुटुंब बोलवायचं. आम्ही याला आगाऊ तुकडी म्हणतो. पण नशिबाने हा बेत मोडला. त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्याशिवाय बंगालमध्ये पाय ठेवता येत नसे, आणि कंपनी मिशनऱ्यांना परवाना द्यायला तयार नव्हती. त्यातून थॉमस यांच्यामागे देणेकरी लागले होते. जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावर थांबलेलं असतानाच कॅरी, फेलिक्स आणि थॉमस यांना उतरावं लागलं.

मधल्या काळात, मे १७९३ मध्ये, डोरोथीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला, त्याचं नाव जाबेझ. कॅरी घरी परतले आणि पुन्हा आर्जव सुरू झालं. बाईंनी पुन्हा नाही म्हटलं. मग थॉमस एकटे परत आत गेले आणि अशा काही शब्दांत बोलले की त्या शेवटी तयार झाल्या. अट एकच घातली : धाकटी बहीण कॅथरीन, म्हणजे किटी, सोबत हवी. सामान बांधायला एक दिवस मिळाला.

एक दिवस! आमच्याकडे साध्या शिपायालासुद्धा शांततेच्या काळात बदलीच्या हुकमानंतर याहून जास्त वेळ मिळतो.

१३ जून १७९३ रोजी डोव्हर बंदरातून डेन्मार्कच्या एका जहाजाने ही मंडळी निघाली. जहाज परक्या देशाचं म्हणून कंपनीचा परवाना आड आला नाही. फेलिक्स सात वर्षांचा, विल्यम पाचेक, पीटर चारेक आणि जाबेझ काही आठवड्यांचा. जवळजवळ पाच महिने पाण्यावर काढून ११ नोव्हेंबर १७९३ रोजी ते कलकत्त्यात उतरले.

सात महिन्यांत पाच मुक्काम

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पहिला मुक्काम कलकत्ता. वर्षभराचा खर्च भागावा म्हणून विकायला आणलेला माल होता, त्याचा व्यवहार थॉमस बघत होते. पैसा भराभर संपला. शहर महाग, म्हणून हुगळीच्या काठी वर बांडेलला गेले. तिथेही जमेना. परत कलकत्ता. एका सावकाराने मानिकतळ्याला आपल्या बागेतलं लहानसं घर फुकट राहायला दिलं. आज मानिकतळा म्हणजे गजबजलेला बाजार, तिथला मासळीबाजार प्रसिद्ध आहे. तेव्हा ती शहराबाहेरची पाणथळ जागा होती. घरात हगवण शिरली. डोरोथीबाई आणि फेलिक्स अंथरुणाला खिळले. रोजच्या जेवणात ज्याला त्या अन्न समजत होत्या ती पाव-भाकरी नव्हती. थॉमस मात्र शहरात बऱ्यापैकी थाटात राहत होते. दोघी बहिणी चिडल्या, बोलल्या. कॅरींनी आपल्या रोजनिशीत याबद्दल नाराजी लिहिली आहे. त्यांना ती कुरकुर वाटली. मला विचाराल तर ती कुरकुर नव्हती. तो जमिनीवरचा खरा अहवाल होता.

फेब्रुवारी १७९४ मध्ये होडीने सुंदरबनाकडे, देबहाट्याला. तिथे कंपनीच्या मिठाच्या कामावरचे चार्ल्स शॉर्ट नावाचे साहेब होते. त्यांनी अनोळखी कुटुंबाला घरात घेतलं. कॅरी तिथे जंगल तोडून शेती करायच्या तयारीला लागले. ते वाघांचं राज्य. इतक्यात उत्तर बंगालमधून बोलावणं आलं. मालद्याच्या बाजूला मदनाबाटी इथे जॉर्ज उडनी यांची निळीची वखार होती, तिथे व्यवस्थापकाची नोकरी, पगार महिना २०० रुपये. पुन्हा सामान होडीत, पुन्हा काही आठवडे नदीवर. जूनमध्ये पोहोचले.

पण या वेळी होडीत एक माणूस कमी होतं. किटी मागे राहिली. शॉर्ट साहेबांशी तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या दृष्टीने चांगलं झालं, तिला दोष द्यायचं कारण नाही. पण डोरोथीबाईंनी घर सोडताना जी एकमेव अट घातली होती, ती सात महिन्यांत निकालात निघाली. आता त्यांच्या भाषेत, त्यांच्या बोलीत, बायकांच्या गोष्टी बोलायला आजूबाजूला कुणी उरलं नाही. इंग्लंडहून पत्रंही येत नव्हती. पहिली पत्रं हाती पडायला वर्षाहून अधिक काळ गेला.

पीटर

१७९४ च्या शरद ऋतूत मदनाबाटीला पीटर आजारी पडला आणि गेला. पाच वर्षांचा होता. धाकट्या वयात बंगाली सगळ्यात भराभर उचलणारं हे मूल. आजार हगवणीचा.

आणि मग जे झालं ते वाचताना आजही पोटात कालवतं. कबर खणायला आणि देह उचलायला माणूस मिळेना. हिंदूंना विटाळाची भीती, मुसलमानांना आपल्या समाजाची. परक्या धर्माच्या परक्या माणसाचं मूल. बापाचा ताप अजून उतरलेला नव्हता. शेवटी मोठ्या मिनतवारीने काही माणसं खणायला तयार झाली, तर गावाने त्यांनाच बहिष्काराचा धाक घातला. लष्करात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात : आपला माणूस पडला तर त्याला उचलणारे चार हात असलेच पाहिजेत. मदनाबाटीत ते चार हात नव्हते, कारण ते अजून कुणी मिळवलेच नव्हते.

डोरोथीबाईंचं हे तिसरं मूल. १७९५ च्या सुरुवातीपासून त्यांचं मन बिघडलं. नवऱ्यावर संशयाचं वेड बसलं, ते वाढत गेलं. कधी शांत, कधी इतक्या अनावर की खोलीत बंद ठेवाव्या लागत. त्याच अवस्थेत १७९६ मध्ये जोनाथन जन्मला. १८०७ च्या डिसेंबरात त्या वारल्या, म्हणजे बारा वर्षं हे चाललं. मराठीच्या त्या व्याकरणावर काम चाललं होतं तेव्हा भिंतीपलीकडे ही बाई होती. त्या काळी मानसिक आजारावर आज आहे तसा उपचार नव्हता. कॅरींना काहींनी सल्ला दिला की वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. तिथली अवस्था ठाऊक असल्याने त्यांनी ठेवलं नाही, घरातच सांभाळलं. हे त्यांच्या बाजूचं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे.

श्रीरामपूरने काय बदललं

आता गोष्टीचा दुसरा भाग, आणि शिकण्यासारखं जास्त इथेच आहे.

१७९९ च्या ऑक्टोबरात इंग्लंडहून नवी तुकडी आली. जोशुआ मार्शमन शिक्षक, त्यांच्या पत्नी हॅना, विल्यम वॉर्ड मुद्रक, शिवाय ग्रँट आणि ब्रन्सडन. यांच्याबरोबरही मुलं होती. कंपनीने यांनाही आपल्या हद्दीत राहू दिलं नाही, म्हणून ते हुगळीच्या पश्चिम काठावरच्या श्रीरामपुरात उतरले. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, १८४५ पर्यंत होतं. ग्रँट तर उतरल्यापासून तीन आठवड्यांच्या आत वारले, मागे बायको आणि लहान मुलं. हवा, पाणी, रोग सगळं तेच. म्हणजे धोका तसूभरही कमी झाला नव्हता.

बदलली ती राहण्याची व्यवस्था. १८०० च्या जानेवारीत कॅरी मदनाबाटी सोडून श्रीरामपूरला आले आणि ही सगळी कुटुंबं एका आवारात राहू लागली. स्वयंपाक एक, तिजोरी एक. जो जे कमवेल ते सामायिक पेटीत टाकायचं आणि प्रत्येकाने ठरलेला खर्च उचलायचा. १८०१ मध्ये कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवू लागले, पुढे संस्कृत आणि मराठीही. पगार महिना ५०० रुपये. तोही पेटीतच. (हे कॉलेज किल्ल्यात होतं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ते रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत असे.) हॅनाबाईंनी मुलांची निवासी शाळा काढली, मग मुलींची. त्या शाळांचं उत्पन्न या सगळ्यांचा मोठा आधार होता.

मुलांचं काय झालं ते बघा. कॅरींची मुलं तोवर रानात वाढल्यासारखी झाली होती. आई आजारी, बाप कामात बुडालेला आणि स्वभावाने इतका मवाळ की रागावणं जमत नसे. हॅनाबाईंनी हे पाहिलं, बोलून दाखवलं आणि हात घातला. वॉर्ड यांनी फेलिक्स आणि विल्यमला छापखान्यात आपल्याबरोबर कामाला घेतलं. वॉर्ड तेव्हा अविवाहित होते, पण पोरांशी मित्रासारखे वागत. पंधरा वर्षांचा फेलिक्स शाईने हात काळे करत माणूस झाला. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून निघाला, त्यात या पोराचेही कष्ट होते.

मार्शमन कुटुंबातला मुलगा जॉन क्लार्क १७९९ मध्ये इथे उतरला तेव्हा पाच वर्षांचा होता. पीटर गेला त्याच वयाचा. हा मुलगा इथे वाढला, बंगाली त्याची जवळजवळ मायबोली झाली. १८१८ मध्ये श्रीरामपूरहून ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्र निघालं, त्याचा हा संपादक. आपलं बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ चं. एक पाच वर्षांचं मूल मदनाबाटीच्या मातीत गेलं आणि दुसरं बंगाली पत्रकारितेच्या सुरुवातीला उभं राहिलं. दोघांच्या मध्ये फरक कशाचा? नशिबाचा आहेच. हॅनाबाईंना बारा मुलं झाली, त्यातली निम्मीच जगली. तेव्हा श्रीरामपूर म्हणजे कवच होतं असं कुणी समजू नये. पण ज्या घरात मूल आजारी पडलं तर चार माणसं उभी राहतात, आई खचली तर दुसरी आई मुलांना जेवू घालते, त्या घरात दुःख आलं तरी घर मोडत नाही.

मोठेपणी कॅरींच्या मुलांपैकी विल्यम काटव्याला कामाला गेला, जाबेझ दूर आंबोयना बेटावर गेला, जोनाथन कलकत्त्यात वकील झाला. फेलिक्स १८०७ मध्ये ब्रह्मदेशात गेला. १८१४ मध्ये इरावती नदीत होडी उलटून त्याची बायको-मुलं बुडाली. तो काही वर्षं भ्रमिष्टासारखा भटकला, मग श्रीरामपूरला परतला, बंगालीत शरीरशास्त्राचं पुस्तक लिहिलं आणि १८२२ मध्ये वडिलांच्या आधी गेला. बापाची वाट मुलाने पुढे चालवली, आणि तिची किंमतही पुन्हा मोजली.

आपल्या मुंबईकडे

ही गोष्ट एकट्या कॅरींची नाही. १८१२ मध्ये अमेरिकेतून पहिले मिशनरी आले तेही कलकत्त्यातच उतरले. कंपनीने त्यांना निघून जायला सांगितलं. त्यांच्यातल्या हॅरिएट न्यूएल गरोदर होत्या. मॉरिशसच्या वाटेवर जहाजात बाळ झालं आणि गेलं, पाठोपाठ त्याही गेल्या. वय १९. जडसन पती-पत्नी ब्रह्मदेशाकडे गेले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र कलकत्त्याहून मुंबईला निसटले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये पोहोचले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. मुंबई आणि अहमदनगरकडच्या जुन्या शाळांचा, मराठी छपाईचा इतिहास तिथून सुरू होतो. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या एका खेड्यात पटकीने वारले. तेव्हा जवळ घरचं कुणी नव्हतं. मुलांच्या तब्येतीपायी पत्नी त्यांना घेऊन आधीच अमेरिकेला गेल्या होत्या.

पुढे या मंडळींत एक रिवाज पडला : मूल शाळेच्या वयाचं झालं की मायदेशी नातेवाइकांकडे पाठवायचं. त्यामुळे जीव वाचले, पण आईबाप आणि मुलं दहा-दहा वर्षं एकमेकांना बघत नसत. मूल जवळ ठेवलं तर रोगाची भीती, पाठवलं तर ताटातूट. दोन्हींतून सुटका नव्हती.

आज काय बदललं, काय नाही

सगळ्यात मोठा बदल याच मातीतून आला, हे सांगताना मला अभिमान वाटतो. १९७१ मध्ये बांगलादेशचे निर्वासित बनगावला आले, छावण्यांत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपल्या. कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिंपांतून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. ते पाणी आईनेच आपल्या मुलाला पाजायचं. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. तीच आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक आईबापाला हे प्रमाण पाठ हवं. मात्र रक्त पडत असेल, ताप असेल, मूल सुस्त झालं असेल, तर घरच्या उपायावर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

लसींचंही तसंच. आफ्रिकेतल्या अनेक देशांत जायला पीतज्वराची लस लागते. ती साधारणपणे नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत, आपल्याकडे ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, आणि तिचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. म्हणजे बाळ सहा महिन्यांचं असेल तर निघण्याची तारीखच बदलावी लागेल. परदेशात मूल जन्मलं तर वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत नोंद करायची, नाहीतर नागरिकत्वाचे प्रश्न उभे राहतात.

हे झालं बदललेलं. न बदललेलं असं, की जाण्याची तळमळ बहुधा एकाला असते आणि किंमत सगळे मोजतात.

लष्करात ठाणी दोन प्रकारची असतात. एक कुटुंब नेता येतं ते, दुसरं जिथे नेता येत नाही ते. कुठलं ठाणं कुठल्या प्रकारचं, हे जाणारा जवान ठरवत नाही. घर आहे का, दवाखाना आहे का, शाळा आहे का, हे बघून ते आधीच ठरलेलं असतं. जवानाचा उत्साह कितीही असो, त्यात धरत नाहीत. सेवाकार्याला जाणाऱ्यांना असं ठरवून देणारं वर कुणी नसतं. म्हणून ते त्यांना स्वतःच ठरवावं लागतं. माझ्याकडून सहा प्रश्न घ्या.

पहिला : दोघांचा होकार खरा आहे का? नकार द्यायला जागा आणि वेळ दिल्यानंतर आलेला होकारच खरा. चार वेळा आर्जव करून, भीती घालून, एका दिवसात मिळवलेला होकार परमुलखात पहिल्या संकटात फाटतो.

दुसरा : आधी एकाने जाऊन बघता येईल का? दोन महिनेसुद्धा पुरतात. घर, पाणी, डास, दवाखान्याचं अंतर, हे फोटोंवरून कळत नाही.

तिसरा : पैसा कुणाच्या हातात आहे? पाठवणारी संस्था पगार थांबवील तर सहा महिने काढता येतील इतकी रक्कम स्वतःच्या नावावर हवी. सहकाऱ्याच्या व्यवहारावर चूल अवलंबून ठेवायची नाही.

चौथा : जो जोडीदार दिवसभर घरी असेल, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं कोण आहे? याचं उत्तर एकाच माणसाचं नाव असेल तर ते अपुरं आहे. ते माणूस गेलं तर काय, हेही लिहा.

पाचवा : मूल रात्री दोन वाजता आजारी पडलं तर कुठली गाडी, कुठला रस्ता, कुठला डॉक्टर?

सहावा : परतीची वाट उघडी आहे का? तिकिटाचे पैसे, इथली जागा, आणि मुख्य म्हणजे ‘जमलं नाही, आलो’ असं म्हणायची मुभा. जिथे माघार म्हणजे नाक कापणं असतं, तिथे माणसं उशिरा माघार घेतात. चांगला सेनापती माघारीचा रस्ता चढाईआधी बघून ठेवतो.

आणि मन खचण्याची लक्षणं ओळखा. झोप उडणं, सततचा संशय, मुलांकडे दुर्लक्ष, न थांबणारं रडं. पायाला लागलं तर आपण पट्टी बांधतो, तशीच ही जखम आहे. दाखवायची डॉक्टरला, लपवायची नाही.

मग कॅरी चुकले का?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. काहींना ते संत वाटतात, काहींना निर्दय. मला दोन्ही पटत नाही. त्यांनी ४१ वर्षं इथे काढली, परत गेले नाहीत, ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच देह ठेवला. तीस-पस्तीस भाषांचे पंडित सांभाळले, १८१२ मध्ये छापखाना जळाला तर पुन्हा उभा केला. स्वतःच्या सुखासाठी त्यांनी काही राखलं नाही. पण स्वतःचं सुख सोडण्याचा हक्क माणसाला असतो. दुसऱ्याचं सुख सोडण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. पाच वर्षांच्या मुलाला तर कुणी विचारतच नाही. त्याच्या वतीने विचार करणं हे आईबापांचं काम, आणि आईने तो विचार करून दोनदा नाही म्हटलं होतं. तिला भित्री म्हटलं गेलं. मला ती त्या घरातली सगळ्यात सावध पहारेकरी वाटते.

हावड्याहून लोकलने श्रीरामपूर अर्ध्या-पाऊण तासावर आहे. नदीकाठी १८१८ चं कॉलेज आहे, आत कॅरींच्या पुस्तकांचा संग्रह आहे. मराठी माणसाने एकदा जावं. व्याकरण आणि कोश लिहिणाऱ्याला नमस्कार करावा, वैजनाथ पंडितांची आठवण ठेवावी. आणि डोरोथी, हॅना आणि पीटर ही तीन नावंही बरोबर न्यावीत. आपल्या भाषेच्या छापील इतिहासात त्यांचाही वाटा आहे.

ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना एवढंच सांगतो. जायचं असेल तर जरूर जा. मुलं बरोबर असलेली चांगली कामं जगात पुष्कळ झाली आहेत, आणि लहानपणी दुसरी भाषा, दुसरी माणसं मिळालेली मुलं श्रीमंत होतात. फक्त त्या सहा प्रश्नांची उत्तरं नवऱ्याने एका कागदावर आणि बायकोने दुसऱ्या कागदावर, एकमेकांचं न बघता लिहा. मग कागद शेजारी ठेवा. जुळले तर सामान बांधायला घ्या. जुळले नाहीत तर काम पळून जात नाही, वर्षभर थांबा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.